पिरूंची लदेणी

लखीराम राठोडच्या नावात लाख होते आणि गोठ्यात एक बैल होता, तोही मागच्या पायानं लंगडा. बापानं नाव ठेवलं तेव्हा मात्र तसं नव्हतं. तेव्हा बापाची लदेणी चालायची. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून बंजाऱ्यांचा तांडा मुलूख तुडवत जायचा, ती लदेणी. लखीराम सांगायचा की पुढचा बैल वर्धा नदीवर पाणी पिऊन मान वर करायचा, तेव्हा शेवटचा बैल दारव्ह्याच्या वेशीत शेण टाकत असायचा. तांड्यातली माणसं यातून निम्मं वजा करून घ्यायची. त्याची बायको बिजलीबाई सगळंच वजा करायची आणि वर म्हणायची, "शेण तेवढं खरं असन."

पुढं आगगाडी आली. जे मीठ पोचवायला बैलांना महिना लागायचा, ते ती शिट्टी वाजवत दोन दिवसांत टाकून जाऊ लागली. बापानं गोण्या उतरवल्या, दारव्ह्याजवळच्या माळावर झोपडी घातली आणि नांगर धरला. शेवटच्या लदेणीत लखीराम इतका लहान होता की त्याला मिठाच्या गोणीवर दोरीनं बांधून आणलं होतं. वाटभर तो गोणी चाटत आला. तेव्हापासून त्याच्या जिभेला कुठल्याच भाजीत मीठ पुरलं नाही.

त्याला एकच हवं होतं. मरायच्या आधी एकदा लदेणीच्या पुढं चालायचं. गोणीवर बसून नाही, मागून धूळ खात नाही; पुढं. लदेणीच्या पुढं दोघंच असायचे, एक नायक आणि दुसरा गराशा. गराशा म्हणजे देवाला सोडलेला बैल. शिंगांना लाल फडकं, गळ्यात घंटा, आणि जन्मात पाठीवर ओझं नाही. तो चालला की तांडा चालायचा. तो जिथं बसला तिथं गोण्या उतरवायच्या, मग ते रान असो की मसण. आणि तो आपणहून उठेपर्यंत कोणी हलायचं नाही. बसलेल्या गराशाला काठी लावली तर लदेणी बुडते. लखीरामला अक्षर वाचता यायचं नाही, पण हा कायदा त्याला तोंडपाठ होता.

आता तो पंचाहत्तरीला टेकला होता. खोकला असा की संध्याकाळी एकदा सुटला की दारव्ह्याच्या ठेसनावरचा गार्ड घाबरून हिरवा कंदील दाखवायचा.

"या थंडीत चाललो तं चाललो," तो बिजलीबाईला म्हणायचा. "पुढच्या थंडीत मले चौघं चालवतीन."

"चौघं कुठून आणता? तुमचा खोकला आयकून तिघं आताच पळाले."

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. कापसाच्या हंगामात लखीराम दारव्ह्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, गंज्या राखायला असायचा. जिनाचा मॅनेजर पारशी होता आणि त्यानं बंगल्यामागं पाखरांचं एक जोडपं पाळलं होतं. तो त्यांना टर्की म्हणायचा, जिनातले हमाल पिरू म्हणायचे. कोंबड्याच्या चौपट अंग, गिधाडासारखी बोडकी मान, नाकावरून लोंबणारी मांसाची शेंग. आणि डोकं असं की घडीत लाल, घडीत निळं, घडीत पांढरं. देवानं सगळी पाखरं रंगवून झाल्यावर त्याच्यावर ब्रश झटकला असावा.

"विलायतेत पूर्वी हे गाडीनं नाही जायचे," साहेब एकदा चहा पीत म्हणाला. "पायी जायचे, शहरापर्यंत. हजार-हजारांचा कळप. पाय झिजू नयेत म्हणून आधी डांबरात बुडवायचे."

लखीरामच्या हातातली काठी खाली पडली. "पायी जात होते? अन् पुढं कोन चाले, साहेब?"

"चालत असेल कोणी म्हातारा. तुझ्यासारखा."

त्या दिवशी कापसाच्या गंजीला आग लागली असती तरी लखीरामला कळलं नसतं. मादी अंडी घालायला लागली तशी त्यानं ती मागितली. साहेब म्हणाला, घेऊन जा, वाढव, आणि मोठ्या दिवसाला, म्हणजे नाताळाला, पाखरं मला आणून दे. तुला काय पाहिजे ते बोल.

"पायी आनू द्या," लखीराम म्हणाला. "बस."

साहेब हसला. साहेबाचीच अंडी, साहेबाचीच पाखरं. लखीरामला फक्त रस्ता हवा होता.

टोपली डोक्यावर घेऊन तो तांड्यात आला. टोपलीत कापूस, कापसात ठिपक्याठिपक्यांची मोठाली अंडी. बिजलीबाईनं कापूस बाजूला सारून पाहिलं.

"हे कायचं आनलं?"

"बैलं आनले."

"अंड्यातले?"

"व्हय. पाठीवर ओझं नाई घेत, पन चालतेत मस्त."

"माय वो! अन् दूध कोन देईन, त्याहीचा बाप?"

असं बोलली, पण तांड्यातल्या तीन खुडूक कोंबड्या तिनंच मागून आणल्या. कोंबडीला आपली नोकरी ठाऊक असते. तीन आठवडे बसायचं, पिल्लं काढायची, उठायचं. पिरूच्या अंड्याला चार आठवडे लागतात हे साहेबानं लखीरामला सांगितलं होतं, कोंबड्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तीन आठवडे भरले तशा दोघी अंग झटकून उठल्या आणि कारकून कचेरीतून निघतात तशा मागं न बघता उकिरड्यावर निघून गेल्या. लखीरामनं त्यांना टोपलीखाली कोंडलं, हात जोडले, शिव्या दिल्या. त्या काही बसल्या नाहीत. तिसरी बसून राहिली. बाकीची पोरकी अंडी त्यानं कापसात गुंडाळली, काही पोटाशी बांधली, काही पागोट्यात घातली, आणि आठवडाभर तो मान ताठ धरून वावरला. तांड्याला वाटलं म्हाताऱ्याला सरकारनं कुठला हुद्दा दिला. बिजलीबाई त्याच्यापुढं ज्वारीचे दाणे टाकून शेजारणींना सांगायची, "पाहा वो बायांनो, म्हातारपनी माह्या नवऱ्याले खुडूक आली."

पागोट्यातल्या अंड्यांतून पिल्लं निघाली की नाही, हे आता कोणाला विचारावं? तांड्यात मात्र अजून सांगतात की एका सकाळी लखीराम तांड्याच्या नायकाला राम राम करायला वाकला आणि त्याच्या पागोट्यातून चिवचिव ऐकू आली. नेमसिंग नायकानं तीनदा कान कोरला.

पण पिल्लू निघालं म्हणजे जगलं असं नाही. देवानं पिरू घडवला तेव्हा अक्कल वाटायचं माप फुटकं होतं. कोंबडीचं पिल्लू टरफलातून निघतं ते उकरतच. हे निघायचं आणि बघत बसायचं. पुढ्यात कण्या, बघायचं. पुढ्यात पाणी, बघायचं. बघता बघता उपाशी मरायचं. कोंबडी बिचारी टोचून टोचून दाखवी, ते आपलं आभाळाकडे तोंड करून उभं. लखीरामनं बांधावर इतके खड्डे खणले की त्याच्या मुलाला, उत्तमसिंगला, वाटलं बापू झाडं लावून राह्यला.

वाचवलं ते बिजलीबाईच्या फेटियानं. फेटिया म्हणजे बंजारणीचा घेरदार घागरा, आणि हा तिनं लग्नाआधी स्वतः टाके घालून, आरसे जडवून केलेला. कधीचा विटला होता, पण आरसे जागे होते. ती पिल्लांशेजारी बसली आणि एका पिल्लानं फेटियावरच्या आरशाला चोच मारली. मग दुसऱ्यानं. उन्हाचा चमका दिसेल तिथं टुक, टुक, टुक. बिजलीबाई थोडा वेळ बघत राहिली. मग आत गेली, उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात कुस्करून आणली आणि आरशांवर बोटानं सारवली. पिल्लांनी आरसे टोचले आणि त्यांना कळलं की जगात खाणं नावाची गोष्ट आहे.

"लग्नात तुमी या फेटियाकडे पाह्यलंबी नव्हतं," ती लखीरामला म्हणाली. "पाहा, कोनी तरी पाह्यलं."

तेव्हापासून ती उठली की पिल्लं उठायची, ती पाण्याला निघाली की रांगेनं मागं निघायची. लखीराम काठी घेऊन पुढं उभा राहून 'हो, हो' करायचा. त्याच्याकडे एकही वळून बघायचं नाही.

उन्हाळा त्या साली इतका पेटला की कोंबड्यांना वाटे आपण उकडलेलीच अंडी घालतो. त्यात काही गेली. दोन मांजरीनं नेली. पहिल्या पावसाळी वाऱ्यात काही एकमेकांच्या अंगावर चढून गुदमरली. श्रावणात डोकी काळी पडायला लागली. पिल्लू सकाळी पंख सोडून उभं राहायचं, हळदीच्या रंगाचं हगायचं आणि संध्याकाळी पाय ताणायचं. जनावरांचा डॉक्टर सायकलवरून आला, बघून म्हणाला, हा रोग कोंबड्यांच्या पोटात असतो. त्यांना काही करत नाही, यांना मारतो.

"म्हंजे जिनं उबवले तिचाच लागला?" बिजलीबाईनं विचारलं.

"तिचाच लागला असेल."

बिजलीबाईनं त्या कोंबडीकडं पाहिलं. कोंबडी दारात बसून एका मरणाऱ्या पिल्लावर पंख पसरत होती. तिला उचलून दुसऱ्या घरी नेऊन सोडावं लागलं, आणि ती तिथून दिवसभर ओरडत राहिली. दिवाळीपर्यंत नऊ पाखरं उरली.

नेमसिंग नायक आला, काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला. "का गा लखीराम, तुही लदेणी तं एका खाटंवर मावते."

"नऊ का नव्वद," लखीराम म्हणाला, "पुढं चालनारा एकच लागते."

नऊंत एक नर दांडगा निघाला. फुलायचा तेव्हा शेपटीचं सूप करून, पंख जमिनीला घासत असा फिरायचा की तांड्यातली कुत्री बाजूला होऊन वाट द्यायची. लखीरामनं त्याचं नाव गराशा ठेवलं. गळ्यात लाल फडकं आणि शेळीची लहान घंटी बांधली, कपाळाला शेंदूर लावायला गेला तर त्यानं बोटाचं सालटं काढलं. त्या दिवशी लखीराम इतका खूश होता की रक्त पुसायचं विसरला.

दरम्यान साहेबाची बदली यवतमाळच्या जिनात झाली होती. मोठा दिवस जवळ आला तसा त्यानं कापसाच्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला: आता लांब पडेल, म्हाताऱ्यानं त्रास घेऊ नये, पाखरं ट्रकमध्ये द्यावीत.

"साहेबाले सांग," लखीराम म्हणाला, "बोलनं झालं होतं. पायी."

"अरे बाबा, यवतमाल है, यवतमाल. दारव्हा का बाजार नहीं." ड्रायव्हर हसत गाडीवर चढला. "मी परत येतोच हाय दोन दिवसांनी. रस्त्यात मेला नाही तर उचलतो तुले."

उत्तमसिंग चिडला. "बापू, गाडी फुकट येऊन राह्यली अन् तुमी हे हगरे पाखरं घेऊन पायी जाता? लोक हासतीन."

"हासू दे. माह्या बापाच्या मांगं कुत्रे भुंकेत, थो थांबला का कधी?"

"याडी, तू तरी सांग याले!" तो आईला म्हणाला.

बिजलीबाई भाकरी बांधत होती. ती म्हणाली, "मीबी जातो. याहीले रस्ता मालूम हाय, पाखराइले मी मालूम हाय."

सडकेचं डांबरीकरण चालू होतं. लखीरामनं तिथल्या मजुरांकडून डबाभर डांबर मागून आणलं, कोमट केलं, एकेका पाखराचे तळवे त्यात बुडवून वाळूत टेकवले. पाखरं दिवसभर पाय उचलून झटकत राहिली. जणू नऊ जणांना एकदम आठवण झाली होती की चप्पल देवळाबाहेर राहिली.

निघायच्या सकाळी सगळा तांडा वेशीवर जमला. लखीरामनं पांढरं पागोटं बांधलं होतं. तो पुढं झाला, काठी उंच केली आणि बापाच्या आवाजात हाळी दिली. पाखरं जागची हलली नाहीत. पुन्हा हाळी दिली. गराशानं मान वाकडी करून त्याच्याकडं बघितलं आणि मागं वळून चालू लागला, कारण मागं बिजलीबाई दाराची कडी लावत होती. नऊच्या नऊ तिच्याकडं. लोक असे हसले की एक म्हातारी खाली बसली.

लखीराम तसाच उभा होता. काठी अजून वरच होती. बिजलीबाई जवळ आली.

"मी पुढं चालतो," ती हळू म्हणाली. "तुमी मांगून हाकला."

"नायक मांगून चालते का?"

त्यानं हे भांडून म्हटलं नाही, म्हणून तिला ते ऐकवलं नाही. ती परत घरात गेली. कडी निघाल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या फेटियाचा तुकडा होता, समोरचा, सगळ्यात जास्त आरशांचा. विळ्यानं कापलेला. अंगावर तिनं जुनं लुगडं गुंडाळलं होतं. तिनं तो तुकडा लखीरामच्या पाठीवर, सदऱ्याला, मोठे मोठे टाके घालून शिवला.

"आता चाला," ती म्हणाली. "अन् वाकून चालू नोका, आरशे दिसत नाईत."

लखीराम चालू लागला. पाठीवर ऊन पडलं, आरसे चमकले, आणि गराशा घंटी वाजवत त्याच्या मागं निघाला. गराशाच्या मागं आठ. सगळ्यात मागं भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेतलेली बिजलीबाई. लखीरामनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. नायकानं वळायचं नसतं. तो फक्त घंटी ऐकत होता.

तो दिवस त्याचा होता. बैलगाड्या बाजूला झाल्या. कापूस वेचणाऱ्या बाया ओटी धरून बांधावर आल्या. एका खेड्यात कुणी घंटी ऐकून हात जोडले, आणि मग काय जातंय ते बघून तसेच जोडून राहिले. लखीरामला दिवसभर खोकला आला नाही. पाय कसे पडत होते ते त्याला कळत नव्हतं. कधी कधी तर त्याच्या जिभेवर मिठाची चव येत होती.

मुक्कामाला एका वाडीत उकंडा नावाच्या माणसानं अंगण दिलं. चार वर्षांमागं तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. पाखरं त्याच्या गोठ्याच्या आढ्यावर चढून बसली. तो खाटेवर बसून हसत म्हणाला, "आमी देवाले कोंबडे देनं सोडलं, बुढेबावा, अन् तुमी देवच कोंबड्याचा केला?"

"थो देव नाई, गराशा हाय."

"तेच म्हनतो मी." मग तो आभाळाकडं बघून गंभीर झाला. "उद्या लवकर निघा. वारा बरा नाई. लाडखेडच्या ठेसनावर मालाचं गोदाम हाय, आभाळ आलं तं त्यात घुसा. मास्तर काई बोलनार नाई."

सकाळी ते लवकर निघाले. दुपारपर्यंत ऊन होतं. लाडखेडचं ठेसन दिसायला लागलं, गोदामाचं लाल छप्परही दिसलं, इतकं जवळ की कोणी तिथं डबा आपटला तर ऐकू यावा. आणि मग पश्चिमेकडून आभाळ आलं. काळं नाही, हिरवट. बघता बघता ऊन गेलं आणि भर दुपारी दिवेलागण झाली.

लखीरामच्या मागची घंटी थांबली.

सडकेच्या कडेला एक मोठी चिंच होती. अंधारून आलं म्हणजे रात्र झाली, आणि रात्र झाली म्हणजे झाडावर बसायचं, एवढंच पिरूला कळतं. गराशा दोन पावलं पळाला, जड पंख फडफडवले आणि चिंचेच्या खालच्या फांदीवर बसला. तिथून वरच्या, तिथून त्याच्या वरच्या. त्याच्या मागोमाग एकेक करून आठही चढली. लखीरामची पाठ चमकत नव्हती. ऊनच नव्हतं.

"हाना काठी," बिजलीबाई म्हणाली. "काठी पुरन इतक्याच वर हायेत अजून. हाकलून गोदामात नेऊ."

लखीराम वर बघत होता. गराशा फांदीवर सरकून, पंख मिटून, मान आत ओढून बसला होता.

"गराशा बसला," तो म्हणाला.

"बसला तं उठवा!"

"बसलेल्या गराशाले काठी लावत नाई."

"अजी, पाखरू हाय ते! बैल नाई, देव नाई, पाखरू हाय!" तिनं त्याच्या हातातली काठी ओढली. त्यानं सोडली नाही. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. "आभाळ पाहा कसं हाय. मी सांगतो, गारा हायेत त्यात."

"माह्या बापाची लदेणी एकदा पुरात बसली होती," तो म्हणाला. "गळ्यापर्यंत पानी. कोनी हाललं नाई. गराशा उठला तवाच उठले. अन् एक बैल नाई गेला."

"ते तुमी सांगता!"

"मंग कोन सांगन?"

एवढं बोलून झालं आणि पहिली गार पडली. सडकेवर आपटून उडाली, बोराएवढी. मग सगळीकडून. बिजलीबाईनं त्याला झाडाच्या बुंध्याशी ओढलं आणि दोघांच्या डोक्यावर घोंगडी धरली. बोराएवढ्या होत्या त्या लिंबाएवढ्या झाल्या. एरवी लखीराम सांगायला बसला असता तर नारळाएवढ्या झाल्या असत्या, पण या गारांबद्दल त्यानं पुढं कधी कोणाला काही सांगितलं नाही. चिंचेची पानं बारीक. ती काय अडवणार? वर धपधप आवाज होत होता, आणि मधेच एक जड आवाज यायचा, खाली, जवळच. पहिला आला तेव्हा बिजलीबाईनं घोंगडी वर केली. दुसरा आला तेव्हा केली नाही. लखीराम ओठ हलवत होता. देवाचं नाव घेत होता की पाखरं मोजत होता, ते तिनं विचारलं नाही.

गारा थांबल्या तशा ऊन पडलं, स्वच्छ, धुतलेलं. सडक पांढरी झाली होती. शेतातली कापसाची पऱ्हाटी बोडकी झाली होती. झाडाखाली पिरू पडले होते, पंख पसरून, डांबर लावलेले पाय वर करून. गोदामाचं छप्पर तिकडं तसंच लाल होतं.

बिजलीबाईनं एकेकाला हलवून पाहिलं. आठ. त्यातलं एक अजून डोळे मिटत-उघडत होतं. तिनं त्याला मांडीवर घेतलं. कोणीतरी आरसा दाखवावा म्हणून ते मान वळवत असल्यासारखं तिला वाटलं. मग ते वळायचं थांबलं.

थोड्या वेळानं यवतमाळकडून ट्रक आला. टपावर गारा साचलेल्या. ड्रायव्हर खाली उतरला, झाडाखालचं बघून त्यानं टोपी काढली आणि परत घातली.

"या अल्ला." मग म्हणाला, "बुढेबावा, वाईट नका मानू. साहेबाले कापायचेच होते. आज थंडी हाय, मास टिकते. मी दारव्ह्याले माल टाकून रातोरात परत जातो. घेऊन जाऊ?"

बिजलीबाईनं मान हलवून हो म्हटलं. ड्रायव्हरनं एकेक पाखरू पायांना धरून उचललं, ताडपत्रीवर ठेवलं, आणि जाताना वर पाहिलं.

"वो एक है ना ऊपर?"

वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, गराशा होता. मान एका बाजूला कलंडलेली, घंटीवर. पंख मिटलेला.

"त्याले हात लावू नोको," लखीराम म्हणाला. "थो बसला हाय."

ड्रायव्हरनं बिजलीबाईकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

"चला, तुमाले तांड्यावर सोडतो," तो म्हणाला. "समोर बसा, जागा हाय."

"थो उठला का निघतो आमी."

ड्रायव्हर गाडीवर चढला. मग गाडी सुरू झाली आणि वळणामागं गेली. दोघं उरले. चिंचेवरून पाणी ठिबकत होतं. लखीरामला दोन दिवसांचा राहिलेला खोकला एकदम आला. खोकताना त्याच्या पाठीवरचे आरसे उन्हात सारखे चमकत होते, कोणासाठीच नाही.

बिजलीबाईनं त्याची पाठ चोळली. खोकला थांबला तशी म्हणाली, "घरी चाला आता. उत्तमसिंग वाट पाहत असन."

"गराशा बसला, बिजले. तांडा कसा उठन?"

तिनं वर पाहिलं. एकदाच, नीट. मग गाठोडं उघडलं. आतल्या भाकरी भिजून लगदा झाल्या होत्या. तिनं सडकेच्या कडेचे तीन दगड आणले, मांडले, फांद्यांखालून सुकी दिसतील तेवढी काटकं वेचली.

"पानी आना," ती म्हणाली. "तांडा बसला म्हंजे चूल पेटवा लागते."

लखीराम लोटा घेऊन उठला. नाल्याच्या बाजूनं वारा सुटला आणि वर बेचक्यात एक पंख हलला. लखीरामनं मान वर केली. बिजलीबाईनं केली नाही.